वाढत्या अंगाची अक्षरं

शिंप्याच्या धाकट्या मुलीने आठ महिने खपून एका फोनसाठी सेटिंगचं ॲप बनवलं. फोन लिनक्सवाला, म्हणजे जगभरातल्या हौशी मंडळींनी पदरमोड करून चालवलेला. त्यात साधा आवाज कमी करायचा तरी काळ्या पडद्यावर तीन ओळी टाइप कराव्या लागत. तिच्या ॲपमध्ये नुसती बटणं आणि पट्ट्या. बोट सरकवलं की काम फत्ते.

मंडळी म्हणाली, "फोनमध्ये घेतो. पण कॉम्प्युटरशी काडीचा संबंध नसलेल्या माणसाने तुला एकही प्रश्न न विचारता आठवडाभर वापरून दाखवायचं."

असा माणूस घरातच होता.

"बाबा, काहीही झालं तरी मला विचारायचं नाही हं."

"तुला विचारून मी आजवर काय केलंय?" म्हणत बाबांनी फोन खिशात टाकला.

पहिल्याच सकाळी दुकानात त्यांना अक्षरं बारीक वाटली. आकाराची पट्टी त्यांनी स्वतः शोधून काढली. इथवर ॲप उत्तम. दीडपट केल्यावर स्वच्छ दिसू लागलं. पण तीस वर्षं पोरांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवलेला हात तो, नेमक्या मापावर थांबेना. डोळे पुढे आणखी बिघडणारच, म्हणून त्यांनी शिवणीत ठेवतात तशी भरपूर माया ठेवली आणि पट्टी टोकाला नेली.

आता पडद्यावर एका अक्षराचा फक्त काना उरला. पट्टी पडद्याबाहेर कुठेतरी, बहुधा इस्त्रीच्या टेबलाच्या दिशेने, निघून गेली होती.

तेवढ्यात फोन वाजला. हिरवं बटण पडद्याबाहेर, लाल मात्र अख्खा पडदा व्यापून. कुठेही बोट लावा, फोन बंद. दुपारपर्यंत अकरा गिऱ्हाइकांचे फोन असे कटले आणि अकराही जण तरातरा दुकानात आले.

"माझा फोन का कापता हो?"

"आलाच आहात तर माप देऊन जा," बाबा शांतपणे म्हणाले. सात जणांनी दिलं.

बारावी आली ती आई. "अहो, चारदा कापलात! मला वाटलं, गेलात."

"कुठे?"

"वर! दुसरीकडे कुठे जाता तुम्ही? पोरीला का नाही विचारत?"

"विचारलं तर ती नापास होईल."

सहा दिवस बाबांनी पोरीला एकही प्रश्न विचारला नाही. सातव्या दिवशी मुलीनेच फोन मागितला आणि पडदाभर पसरलेला काना बघितला.

"संपलं, बाबा. आठ महिने पाण्यात."

"आठवडा झाला ना? मग आता विचारू का एक?"

"विचारा."

"तू ट्रायलच घेत नाहीस? एकदम पक्की शिलाई? आम्ही आधी कच्चा धागा घालतो. अंगाला बसलं तर ठीक, नाहीतर ओढला की निघाला."

मुलगी कॉम्प्युटरपाशी पळाली.

दोन दिवसांनी आकार बदलला की फोन विचारू लागला, "बसतंय का?" पंधरा सेकंदांत कुणी 'हो' म्हटलं नाही, तर आपोआप जुनं माप. तिने अकरा गिऱ्हाइकांसकट सगळं खरंखरं मंडळींना कळवलं. उत्तर आलं: ॲप घेतलं. शिवाय आमची आणखी नऊ ॲपं आहेत, तीही तुमच्या वडिलांनी तपासून द्यावीत.

मुलगी नाचतच दुकानात गेली. बाबांनी कात्रीवरून नजर न काढता सांगितलं, "गुरुवारी मिळतील म्हणावं."

तिने तसं लिहून पाठवलं. जगभरातली मंडळी आनंदली.

"अगं, कुठला गुरुवार ते विचारलंस का?" आई म्हणाली. "इथे कुठल्याच गिऱ्हाइकाला अजून कळलेलं नाही."