पाइपलाइन माहेरी आली

गौरी-गणपती उरकल्यावर एका बुधवारी तेलाची पाइपलाइन धोंडीराम खैरनारच्या घरी माहेरपणाला आली. गायरानातली आपली जागा तिनं सोडली, दोन बांध आणि एक ओढा जमिनीखालून ओलांडला आणि धोंडीरामच्या स्वयंपाकघराखाली येऊन ती टेकली. दोन्हीकडची टोकं जागच्या जागी होती, मधली तेवढी इकडे सरकली होती. यमुनाबाई सकाळी केर काढत असताना तिच्या पायांना फरशी कोमट लागली. तिनं नवऱ्याला हाक मारली. धोंडीरामनं फरशीला कान लावला आणि तो म्हणाला, "तीच आहे."

तो नाही ओळखणार तर कोण ओळखणार? उमेदीची सगळी वर्षं तो याच पाइपवरून चालला होता. गायरानापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत रोज पायी जायचं, कुणी पाइपवर खणलंय का, कुठलं गवत उगीच पिवळं पडलंय का, रात्रीतून तेलचोर येऊन गेलेत का, हे बघायचं आणि परत यायचं. कंपनी त्याला लाइनवॉकर म्हणे आणि गाव पाइपवाला म्हणे. मग कंपनीनं पाइपच्या कडेनं काचेची एक तार पुरली. वरून कुणी चाललं की त्या तारेला पावलं ऐकू येत आणि ती शहरातल्या एका थंडगार खोलीला तसं कळवी. वरून ड्रोनही घिरट्या घालू लागला. माणसाच्या पायांचं काम संपलं. सगळ्या लाइनवॉकरांना एका मांडवात बोलावून चहा, समोसा, नारळ आणि शाल देऊन घरी पाठवण्यात आलं. शाल चांगली जाड होती, हे कंपनीच्या बाजूनं सांगायलाच हवं.

चूक झाली ती त्याच दिवशी. यमुनाबाई म्हणाली, "इतकी वर्षं हिनं आपल्याला घास घातला. असं कोरडंच कसं निघायचं?" ती खण, नारळ, तांदूळ, हळकुंड आणि सुपारी घेऊन गायरानात गेली आणि पाइपच्या खुणेचा पिवळा खांब असतो त्याच्या बुडाशी तिनं पाइपलाइनची ओटी भरली. मायेनं जिची ओटी भरावी ती त्या घराला माहेर मानते. पाइपलाइननंही मानलं. गावात कुणाला याचं नवल वाटलं नाही. "ओटी भरलीत ना? मग येणारच ती," असं म्हणून लोक आपापल्या कामाला लागले.

अडचण एकच होती. खैरनारांची स्वतःची मुलगीही माहेरी यायची होती. ज्योत्स्ना चांदवडला दिली होती, तिला सातवा महिना होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे तिच्या सासूनं ठरवलं होतं आणि सासूच्या शब्दावर शब्द टाकायची त्या घरात कुणाची छाती नव्हती. पूनम इथं असताना ज्योत्स्नाचं बाळंतपण आपल्याकडे होणार नाही, असं सासूनं स्पष्ट सांगितलं होतं. पूनम ही तिची लेक, तीही बाळंतपणालाच आली होती आणि दोन खोल्यांच्या घरात दुसरी बाज मावत नव्हती. यमुनाबाईनं दिवाळीनंतरची तयारी आत्ताच चालवली होती. बाज नव्यानं विणून घेतली होती, डिंक आणि आळीव आणून ठेवले होते, बाजेखाली ठेवायची शेगडी घासून लख्ख केली होती.

पाइपलाइन आल्याच्या तिसऱ्या दिवशी कंपनीचे बिडवई साहेब जीपमधून आले. जमिनीची प्रकरणं त्यांच्याकडे असत. माणूस वाईट नव्हता. चपला बाहेर काढून आत आला, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि मगच बोलला.

"घर तुमचंच आहे, याबद्दल कंपनीचं काही म्हणणं नाही. पण तुम्ही पाइपलाइनच्या पट्ट्यात अतिक्रमण केलेलं आहे."

"साहेब, घर माझ्या वडलांनी बांधलं," धोंडीराम म्हणाला. "ही बुधवारी आली."

"पाइपलाइन कधी आली हे नियमात बसत नाही, खैरनार. ती कुठे आहे हे बसतं. जिथे पाइप तिथे पट्टा."

"आणि पट्ट्यात काय चालतं?"

"गवत चालतं."

"आम्ही काय गवत आहोत का?" यमुनाबाई आतून म्हणाली.

"नाही ना, तीच तर अडचण आहे," बिडवई मनापासून म्हणाले. त्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून आत पाहिलं. "चूल, गॅस, काहीच पेटवता येणार नाही. हे काय आहे?"

"शेगडी. पोरीच्या बाळंतपणाची."

"म्हणजे उघडा जाळ."

"बाळंतिणीला शेक नको का द्यायला?"

"द्या ना. पट्ट्याच्या बाहेर द्या." मग ते जरा घुटमळले. "वरून एक विचारणा आहे. ओटीत तांदूळ कोणते घातले होते?"

"रेशनचे."

बिडवईंनी ते लिहून घेतलं. वर सगळे खुशीत होते. नवी लाइन टाकायची म्हणजे नोटिसा, सुनावण्या, हरकती, मोर्चे, नुसता वैताग. इथे पाइपनं आपला मार्ग आपणच बदलला होता आणि एकाही माणसाची सही लागली नव्हती. पुढची गॅसची लाइन जिथून न्यायची होती तिथल्या घरांतल्या बायकांना हाताशी धरून, आधीच पाइपांच्या ओट्या भरून घ्याव्यात, असा विचार चालू होता. खण घाऊक भावानं मागवलेही होते.

"मग पाठवणी करू द्या," यमुनाबाई म्हणाली. "माहेरवाशीण काही जन्माची राहत नाही. सासरचं माणूस न्यायला येऊ द्या. मी साडी-चोळी देऊन, डबा बांधून पाठवते."

"कंपनी मालक आहे, वहिनी. सासर नाही. न्यायला येण्याची तरतूद नाही आमच्याकडे. तुम्हीच तिला जा म्हणा."

यमुनाबाईनं पदर तोंडाला लावला. माहेरवाशिणीला आईनं जा म्हणायचं, हे तिनं कुठल्या घरात पाहिलं नव्हतं. बिडवईंनाही ते समजत होतं. त्यांना दोन बहिणी होत्या. ते जीपमध्ये जाऊन बसले.

त्यानंतर तज्ज्ञ येऊन गेले. पाइप आतून गंजून पातळ झालाय, ओढून परत न्यायला गेलं तर फुटेल, असं त्यांचं मत पडलं. शिवाय माहेरी आल्यापासून तिचा दाब असा काही सुधारला होता, की थंडगार खोलीतल्या माणसांनी एकमेकांना पेढे भरवले. तेव्हा घर पाडू नये, माहेरवाशिणीला घर लागतं, फक्त त्यातली माणसं काढावीत, असा निर्णय झाला. खैरनारांनी बाडबिस्तरा उचलला आणि पट्ट्याबाहेर भिका गांगुर्डेच्या गोठ्यात टाकला. बाजही नेली, पण गोठ्यात ती टेकवायला जागा नव्हती, म्हणून उभी करून ठेवली. म्हशीनं तिची एक दोरी खाल्ली.

"तुम्ही सांगा तिला," यमुनाबाई नवऱ्याला म्हणाली. "ती आपणहून गेली तर तिला काही व्हायचं नाही. तुमचं ती ऐकेल. म्हणावं, बाई, तुझी धाकटी बहीण अवघडलीय, तिला येऊ दे. तू पुढच्या साली ये."

धोंडीराम दुपारी घरात गेला. रिकाम्या स्वयंपाकघरात फरशीवर मांडी घालून बसला. सांगायचं म्हणूनच तो गेला होता, यात शंका नाही. पण त्यानं फरशीवर तळवा ठेवला आणि खालून ती ओळखीची घरघर हाताला लागली, तसा त्यानं तळवा उचललाच नाही. शाल मिळाल्यापासून कुणाला त्याची गरज पडली नव्हती. गावात लोक त्याला पारावर बघून वाट वाकडी करत, कारण रिकामा माणूस बोलत बसतो. आणि ही एवढी लांबून, जमिनीखालून, त्याच्यासाठी चालत आली होती. त्याला ती गोष्ट गोड लागली. फार गोड लागली. तो तासभर तसाच बसला आणि मग उठून गोठ्यावर गेला.

"सांगितलं?" यमुनाबाईनं विचारलं.

"सांगितलं. दिवाळीपर्यंत निघते म्हणाली."

यमुनाबाईचा जीव भांड्यात पडला. तिनं ज्योत्स्नाला यातलं काहीच कळवलं नाही. अवघडलेल्या बाईच्या जिवाला घोर कशाला?

आठवड्याभरात बिडवई पुन्हा आले. धोंडीराम आत असला की दाब उत्तम राहतो आणि तो बाहेर गेला की घसरतो, असं थंडगार खोलीच्या ध्यानात आलं होतं. काचेची तार पाइपबरोबर सरकत आली होती आणि ड्रोनही होता, पण माहेरी माणूस लागतो, त्याला यंत्र चालत नाही, असं आता वरच्यांचंही मत होतं. एक जागा निर्माण करण्यात आली होती. 'निवासी लाइनवॉकर' असं तिचं नाव होतं. घरात दिवसभर थांबायचं, पाइपशी चार शब्द बोलायचे आणि दुसऱ्या कुणालाही पट्ट्यात पाऊल टाकू द्यायचं नाही. राहायला मात्र बंदी होती.

"निवासी आणि राहायला बंदी?" यमुनाबाई म्हणाली.

"निवासी पाइप आहे," बिडवई म्हणाले. "लाइनवॉकर तिचा."

धोंडीरामनं गणवेश मागून घेतला. तो जुन्या मापाचा होता आणि पोटावर बसेना. तरी त्यानं श्वास ओढून बटणं लावली. यमुनाबाई गोठ्याच्या खांबाला टेकून बघत होती. नवरा इतका खूश तिला बऱ्याच दिवसांत दिसला नव्हता, आणि त्या खुशीचंच तिला भय वाटलं.

दिवाळी गेली. भाऊबीज गेली. पाइपलाइन गेली नाही. यमुनाबाई रोज विचारी आणि धोंडीराम रोज म्हणे, "निघतेय, निघतेय." अखेर तिनं विचारायचं सोडलं.

ज्योत्स्ना दुपारच्या एसटीनं आली. नवऱ्यानं तिला चांदवडला गाडीत बसवून दिलं होतं, कारण त्याला सुट्टी नव्हती. फाट्यावरून ती पायी निघाली, एका हातात पिशवी, दुसरा हात कमरेवर. ती पट्ट्याच्या जवळ येताच धोंडीरामचा फोन वाजला.

"तुमच्या दिशेनं एक व्यक्ती येतेय," थंडगार खोली म्हणाली. "पावलं जड आहेत. खणायचं सामान असेल बरोबर. अडवा."

धोंडीराम उंबऱ्यात येऊन उभा राहिला. मुलगी अंगणाच्या कडेला पोचली होती. घामानं डबडबलेली होती आणि बापाला गणवेशात बघून हसत होती.

"अण्णा, पुन्हा लागलात का कामाला? कळवलं पण नाही!"

"तिथंच थांब, ज्योती."

"का? काय सांडलंय का?"

"पट्ट्यात येऊ नको. पलीकडं हो. त्या दगडाच्या पलीकडं."

ती थांबली. तिला वाटलं, बाप थट्टा करतोय. मग तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

"अण्णा, मी बाळंतपणाला आलेय."

"ठाऊक आहे गं. पण एक आधीच आलीय."

"कोण आलीय? तुम्हाला मी एकटीच आहे."

त्यानं पायाखाली बोट दाखवलं. ज्योत्स्नाला पाइपलाइनबद्दल लहानपणापासून माहीत होतं. शाळेतून आली की अण्णा घरात नसत, तिच्याकडे गेलेले असत. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"तिला जा म्हणालात?" तिनं विचारलं.

धोंडीरामनं मान खाली घातली. गोठ्याकडून धावत आलेल्या यमुनाबाईनं ते पाहिलं आणि तिला सगळं कळलं. ती त्याला रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं मुलीची पिशवी उचलली, तिच्या कमरेला हात दिला आणि तिला फाट्याकडे वळवलं.

"कुठं नेतेस तिला?" धोंडीराम उंबऱ्यातून ओरडला.

"सरकारी दवाखान्यात. तिथं व्हरांड्यात बायका असतात. मी तिच्यापाशी राहीन."

"आणि नंतर? सव्वा महिना?"

"ते आता आमचं आम्ही बघू. तुम्ही हिचं बघा."

मायलेकी निघाल्या. ज्योत्स्नाला चालवत नव्हतं, ती मधूनमधून थांबे आणि यमुनाबाई पदरानं तिचा घाम पुसे. धोंडीराम कंपनीनं पट्ट्याच्या कडेला रोवलेल्या शेवटच्या खांबापर्यंत त्यांच्या मागून गेला. पुढे जायची त्याला मुभा नव्हती असं नाही. खांबाच्या पलीकडे पाऊल टाकलं असतं तर कुणी अडवणार नव्हतं. ज्योत्स्नानं एकदा मागे वळून पाहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. दाब पडायला लागला होता. धोंडीराम झपाझप मागे फिरला, कारण घरात माहेरवाशीण एकटी होती.