रंगाचा अख्खा कांदा

आमचा रंगा कांदा कानाला लावून बघतो. कलिंगडावर मारतात तशी कांद्यावर टिचकी मारतो, कानाशी धरतो, डोळे मिटतो. मग एकतर टोपलीत टाकतो, नाहीतर मागं भिरकावतो. मागं शेळी बांधलेली असते. तिचं चांगलं चाललंय.

तिसगावच्या अलीकडं, नगर रोडला, त्याच्या पुतण्याचा ढाबा आहे. पुतण्यानं मोबाईलवर बघितलं की मोठ्या शहरांतल्या हॉटेलात आता अख्खा कांदा मसाला भरून भाजतात, ताटलीत एकटाच उभा करतात आणि लोक जेवायच्या आधी त्याचे फोटो काढतात. त्यानं लगेच बोर्ड लावला, 'स्पेशल अख्खा मसाला कांदा', आणि सत्तरीच्या रंगाला चुलीपाशी बसवलं.

गाडीवाले येतात. "काका, किती वेळ लागेल?"

"कांद्याला इचारा."

"तरी अंदाजे?"

"घाई असंल तर काकडी खा."

हे त्याचं ठरलेलं. एकदा एका बाईनं कांदा चमच्यानं कापायला घेतला, तर हा चुलीपासून उठून तिच्यापाशी गेला. "ताई, त्यो काय केक हाय? हातानं पाकळी पाकळी काढा." ताटली उचलली ती बाईनं हात धुतल्यावरच परत दिली. पुतण्यानं कपाळाला हात लावला.

फॅशन म्हणे! मी चौथी शिकलेला माणूस, पण हा कांदा मला त्या मोबाईलच्या आधीपासून माहीत आहे. तो माझ्या बायकोचा आहे. हिराचा.

बावीस हंगाम आम्ही ऊसतोडीला गेलो. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि एकट्या गड्याला अर्धा कोयता. रंगानं लग्न केलं नाही. का, विचारलं की म्हणायचा, "घाई काय हाय?" हा अर्धा कोयता आमच्या पाचटाच्या कोपीशेजारी आपली झोपडी घालायचा आणि जेवायला आमच्यात असायचा. दिवसभर मोळ्या वाहून आल्यावर भाजी करायचं त्राण हिराच्या अंगात नसायचं. ती कांद्याला वरून चार चिरा द्यायची, बुडाला धक्का न लावता. आत लसणाची चटणी, मीठ, तेल भरायची, उसाच्या हिरव्या पाल्यात बांधायची आणि निखाऱ्यात पुरायची. भाकरी होईस्तोवर कांदा लोण्यासारखा व्हायचा. रंगा चुलीपुढं बसून बघायचा. मी आडवा पडलेला असायचो. ती अजून काय घालायची ते मी कधी बघितलंच नाही. आयतं खाल्लं.

मागच्या पोळ्याला हिरा गेली. दहावा झाला, पाहुणे पांगले. मग रंगा आला. दारातूनच म्हणाला, "आता तूबी अर्धा."

सांत्वनाला आलेल्या माणसानं असं बोलावं? पण त्या दहा दिवसांत खरं बोललेला तेवढा एकच.

पुढं माझं खाणंच सुटलं. पुण्याहून सून फोन करायची, "आबा, जेवलात का?" मी व्हय म्हणायचो आणि शेजारणीनं दिलेलं ताट कुत्र्यापुढं ठेवायचो. पायजमा कमरेला राहीना.

अशात कुणीतरी रंगाच्या बोर्डाचं सांगितलं. माझं टाळकं सरकलं. तसाच चालत ढाब्यावर गेलो. "माझ्या बायकूचा कांदा इकतोस व्हय रं?"

रंगा चिडला नाही. "इकतोय खरं. पर वहिनीसारखा जमंना. तूच चाखून सांग, किसना, काय कमी हाय."

त्यानं कांदा ठेवला आणि वर एक भाकरी. "नुसता खाऊन काय कळतंय? भाकरीसंगं खा."

खाल्ला. जवळ आला होता, पण हिराचा नव्हता. "न्हाई. कायतरी ऱ्हायलं."

"काय?"

"मला काय ठावं?"

"मग उद्या ये. उद्या बघू."

गेलो. मग रोजच जायला लागलो. एकदा म्हटलं चटणी लई झाली, त्यानं कमी केली. एकदा म्हटलं त्या चांदीच्या कागदात कांदा उकडतो, भाजत नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं कुठून तरी उसाचा पाला पैदा केला. शेवटी सगळं बरोबर आलं, फक्त एक गोडी येईना.

"गोडी कशानं येत आसंल?" तो डोकं खाजवायचा.

"बावीस हंगाम चुलीपुढं बसून बघितलंस, आन् येवढं ध्यानात न्हाई? धोंडा हायेस नुसता!"

"हाय खरा," म्हणायचा आणि भाकरी वाढायचा. तू जेवलास का, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

परवा एका गाडीवाल्यानं कांदा सांगितला, काकडीचं ऐकलं आणि धुमसत बसला. रंगानं त्याचा कांदा ताटलीत काढला. तेवढ्यात शेळी सुटली. रंगा शिव्या घालत तिच्यामागं पळाला. गाडीवाला वाट न बघता रागानं निघून गेला, त्याचा कांदा ताटलीत तसाच राहिलेला. मी एक पाकळी तोंडात टाकली.

हिराचा कांदा.

मी पाकळ्या बाजूला करून बघितलं. अगदी बुडाशी गुळाचा खडा विरघळून चिकटला होता, हरभऱ्याएवढा.

म्हणजे धोंड्याला सगळं ध्यानात होतं. गाडीवाल्यांना तो रोज हिराचाच कांदा देत होता. बिनगुळाचा फक्त माझा. पहिल्याच दिवशी जमला असता, तर मी चार शिव्या देऊन घरी गेलो असतो आणि परत आलो नसतो.

रंगा शेळी बांधून, धापा टाकत आला. मी पाकळ्या जागच्या जागी लावून तोंड पुसलं होतं. त्यानं ताटलीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"गेलं व्हय त्ये?"

"गेलं. घाई हुती त्यास्नी."

त्यानं निखाऱ्यातून माझा कांदा काढला, पाला सोडला, भाकरीवर ठेवला. "बघ, आज जमलाय का."

मी खाल्ला. सावकाश खाल्ला. भाकरी कधी संपली कळलं नाही.

"न्हाई जमला," मी म्हणालो. "गोडी न्हाई."

"मग उद्या बघू," रंगा म्हणाला आणि दुसरी भाकरी माझ्या ताटात टाकली.

मी ती मोडली आणि अर्धी त्याच्यापुढं सरकवली.