बगळ्यांच्या शनिवारी हरवलेली गाडी

"ऑर्विल, तुझं नाक चेहऱ्याला चिकटलेलं आहे म्हणून! नाहीतर तेही शाळेत येताना कुठेतरी विसरून आला असतास!"

तिसरीतल्या बाईंचे हे भर वर्गातले उद्गार ऑर्विल प्रिंडल अजूनही छाती फुगवून सांगायचा. "बघ लायनेल, माझं नाक सगळ्यात आधी ओळखलं ते त्या बाईंनी. गुप्तहेर घडवता येत नाही, तो जन्मावा लागतो. तर्क माझ्याकडे चालत येतो, पुरावे माझ्या पाया पडतात आणि गुन्हेगार मला बघून आपणहून घामाघूम होतात."

पाया पडलेले पुरावे ऑर्विल बहुतेक वेळा तुडवून पुढे जायचा, हे लायनेल टब्सने स्वतः पाहिलं होतं. वसतिगृहाने दोघांना एका खोलीत टाकलं, त्याच संध्याकाळी ऑर्विलने लायनेलला 'सहायक' नेमलं. पगार नव्हता, रजा नव्हती आणि राजीनामा मंजूर होत नव्हता. मागच्याच महिन्यात धुलाईच्या खोलीतून एक मोजा नाहीसा झाला, तेव्हा ऑर्विलने बुद्धिबळ मंडळावर जाहीर संशय घेतला. मोजा शेवटी ऑर्विलच्याच पायात सापडला. "गुन्हेगाराने मोठ्या चलाखीने घातला," असं तो आजही म्हणतो.

त्या शनिवारी सामना होता. टॅमरॅक विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचं नाव 'बगळे', आणि संघ हरायचाही बगळ्यासारखाच, एका पायावर शांत उभा राहून. पण शनिवार उजाडला की गाव संघाच्या रंगात हिरवं व्हायचं. हिरव्या टोप्या, हिरवे तंबू, हिरवी पोरं, हिरवी थोरं. मेपलची पानं तेवढी लाल, त्यांना कुणी सांगितलं नसावं.

या हिरवाईत विद्यार्थ्यांच्या गाड्यांना मात्र जागा नसायची. गाडी लावायचा वर्षाचा पास विद्यापीठ मोठ्या प्रेमाने द्यायचं. पास घेतला की जागा शोधत फिरण्याचा हक्क मिळायचा. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी तोही मावळायचा, कारण शनिवारी विद्यापीठाच्या वाहनतळावर देणगीदार यायचे, तंबू ठोकायचे, मांस भाजायचे. विद्यार्थ्यांनी गाड्या नदीपलीकडच्या माळावर नेऊन ठेवायच्या आणि परतताना चालण्याचे फायदे आठवायचे. जो हलवणार नाही त्याची गाडी उचलून नेत. ज्ञानदानाच्या कामात एवढी शिस्त हवीच.

सकाळी बँडचे ढोल घुमायला लागले आणि दारावर धडाधड थापा पडल्या. दारात ट्रूडी हास्केल, समोरच्या इमारतीतली. केस पिंजारलेले, पायात कालचेच बूट.

"लायनेल, माझी गाडी गेली रे!"

ट्रूडी वृद्धाश्रमात काम करून शिकत होती. काल काम संपवून गाडी तळावर लावली, 'जरा पाठ टेकते, मग माळावर नेते' म्हणाली, आणि पाठ टेकली ती आज सकाळपर्यंत.

"उचलली असणार," लायनेल म्हणाला. "फोन केलास त्यांना?"

"सारखा करतेय. लागतच नाही. आणि आज मला पाइनफोर्डला जायचंय रे. संध्याकाळी बाबांचं लग्न आहे."

लायनेलला सगळं माहीत होतं. ट्रूडीची आई जाऊन बराच काळ लोटला होता. उन्हाळ्यात बाबांनी मार्व्हाशी लग्न करायचं ठरवलं, तेव्हा ट्रूडी भर स्वयंपाकघरात 'मी येणार नाही' म्हणाली आणि दार आपटून निघून आली. तेव्हापासून घरी अवाक्षर नाही.

"फोन करून सांग ना, येते म्हणून."

"तोंडावर बोलले होते. परत घ्यायचं तेही तोंडावरच घ्यायला हवं. फोनवर मला रडू येईल आणि बाबांना वाटेल, मी अजून रागावलेय."

"पाइनफोर्डला बस..."

"शनिवारी नसते. सगळ्या बस स्टेडियमला."

एवढ्यात पांघरुणातून ऑर्विल उठला. नाक आधी, मग बाकीचा ऑर्विल.

"मुली, घाबरू नकोस. प्रकरण माझ्याकडे आलंय."

"अरे देवा," ट्रूडी म्हणाली.

ट्रूडी नदीपलीकडे उचललेल्या गाड्यांच्या आवाराकडे पळत गेली आणि ऑर्विल सहायकासह घटनास्थळी निघाला. तळ ओळखू येत नव्हता. तंबूला तंबू भिडलेला, धुराला धूर मिसळलेला. ऑर्विलने डोळे मिटले, नाक वर केलं आणि हुंगत हुंगत थेट एका तंबूत शिरला.

"इथे!" तो म्हणाला. "माझं नाक सांगतंय, रहस्याची गाठ इथेच आहे."

नाक सांगत होतं ते भाजलेल्या बरगड्यांबद्दल. तंबू ऑकरलंडबाईंचा होता. गोल चेहऱ्याच्या, कानात हिरवे बगळे लटकवलेल्या विधवा बाई. नवऱ्याच्या हयातीपासून त्यांचा तंबू याच जागेवर. हिरव्या चादरीने जमिनीपर्यंत झाकलेलं एक अवाढव्य टेबल मांडलं होतं. खालच्या पातळीवर बरगड्या, बटाट्याचं सॅलड आणि मक्याचा पाव. वरच्या पातळीवर कापूस भरलेला माणसाएवढा बगळा.

"श्रीमंतांची टेबलंही दुमजली," लायनेल पुटपुटला.

"निरुपयोगी निरीक्षणं नकोत," ऑर्विलने त्याला झापलं आणि टेबलाला रेलून बरगडी उचलली. "बाई, काल रात्री तुम्ही कुठे होता?"

"घरी. का रे बाळा? सॉस घे ना. हे बघ, तुम्ही इथले विद्यार्थी ना? मग मला एक सांगा, ही इथली..."

"साक्षीदाराने विचारलं तेवढंच बोलावं!"

"बरं बाई," म्हणून त्यांनी त्याच्या ताटात आणखी एक बरगडी वाढली.

मग तर्कांना ऊत आला. पहिला तर्क: ट्रूडीची गाडी तपकिरी, आज येणाऱ्या संघाचा रंगही तपकिरी, म्हणजे त्यांच्या हेरांनी आपली समजून नेली. तपकिरी टोपी घातलेल्या एका आजोबांना ऑर्विलने हटकलं. आजोबा म्हणाले, टोपी हिरवीच आहे, धुतलेली नाही. दुसरा तर्क: ट्रूडी झोपेत उठून गाडी चालवत गेली आणि झोपेतच परत आली.

"चालत?" लायनेलने विचारलं.

"झोपेत माणूस थकत नाही."

तिसरा तर्क कुलगुरूंपर्यंत गेला आणि मक्याचा पाव संपल्यामुळे तिथेच थांबला. दर तर्कागणिक ऑकरलंडबाई 'अरे, पण ऐक तरी' म्हणत तोंड उघडायच्या आणि ऑर्विल बरगडी नाचवून त्यांना गप्प करायचा. लायनेलही खात होता, हे त्याच्याविरुद्ध नोंदवून ठेवायला हवं. सॅलड चांगलं होतं.

स्टेडियमात सामना सुरू झाला, तळावरची गर्दी ओसरली, तेव्हा ट्रूडी परतली. चिखलाचे बूट, सुकलेले ओठ.

"आवाराला कुलूप आहे. तिथले सगळे सामना बघायला गेलेत." तिने टेबलावर कोपर टेकलं आणि डोकं हातात घेतलं. "बाबा दाराकडे बघत बसतील रे. बोलणार नाहीत काही. नुसते टाय नीट करत बसतील."

लायनेलने हातातलं ताट बाजूला ठेवलं.

"चौथा तर्क..." ऑर्विलने सुरुवात केली.

"ऑर्विल, गप्प बस!" लायनेल ओरडला. इतक्या जोरात, की आपल्याकडे असा आवाज आहे हे त्यालाही आजच कळलं. "ट्रूडी, तूच विचार बाईंना. सरळ विचार."

ट्रूडीने डोळे पुसले. "बाई, तुम्ही इथे एक जुनी तपकिरी गाडी पाहिलीत का? लांबट, मागचं दार चेपलेलं..."

"मागच्या काचेवर सूर्यफूल चिकटवलेली?"

"हो! पाहिलीत? कुठे?"

"अगं पोरी, तिच्यावरच तर कोपर टेकून उभी आहेस!"

ऑकरलंडबाईंनी चादरीचं टोक उचललं. खालून एक तपकिरी दिवा, चाक आणि गंजका बंपर जगाकडे बघू लागले.

"आमच्या जावयाने टेबल घरीच विसरलं," बाई सांगू लागल्या. चूल फुंकणारा जावई आणखी वाकून फुंकू लागला. "सकाळी येऊन बघते तर आमच्या जागेवर ही उभी. उचलणारा आलाच होता. त्याला म्हटलं, कुण्या लेकराची असेल, राहू दे, ही घे बरगडी. तेव्हापासून मालकाची वाट बघतेय. याला विचारणार होते, तर हा मला बोलू देईल तर शपथ!"

गाडी काल लावली तिथेच होती. एक वीतही हलली नव्हती. पण सामन्याच्या दिवशी विद्यार्थ्याची गाडी आपल्याच जागेवर असू शकते, ही अचाट कल्पना टॅमरॅकमध्ये कुणाच्याच डोक्यात येणं शक्य नव्हतं.

"मला पहिल्यापासून संशय होता," ऑर्विल म्हणाला. "म्हणून तर मी दिवसभर तिच्यापासून हललो नाही."

मग धांदल उडाली. ट्रूडीचं कारण कळताच अख्खं ऑकरलंड घराणं कामाला लागलं. सॅलड या हातातून त्या हातात, बरगड्या त्या हातातून पलीकडे. जावयाने बगळ्याला कवटाळलं, शेजारच्यांनी तंबूचे खांब उचलून धरले. "लवकर जा ग माझे बाई," ऑकरलंडबाई म्हणाल्या, "सामना चालू आहे तोवर रस्ते मोकळे. आणि हा मक्याचा पाव ने, लग्नघरी रिकाम्या हाताने जाऊ नये." स्टेडियमातून मोठा हुंदका ऐकू आला. बगळे पुन्हा एका पायावर उभे राहिले होते.

तिघांना घेऊन गाडी धावली. दुतर्फा कापलेल्या मक्याची शेतं, वर कलतं ऊन. आणि साऱ्या गाडीत बरगड्यांचा वास. ऑर्विल मागच्या आसनावर झोपला होता, नाक तेवढं जागं.

पाइनफोर्डच्या चर्चसमोर ट्रूडीने गाडी थांबवली. ऑर्विल दचकून उठला आणि बाहेर बघतच राहिला. ऐसपैस तळ. ना पास, ना पाटी, ना पहारा.

"एवढी मोकळी जागा?" तो कुजबुजला. "लायनेल, यात काहीतरी काळंबेरं आहे." आणि तो तळाची पाहणी करायला निघून गेला.

पाव सांभाळत लायनेल ट्रूडीच्या मागून चर्चच्या तळघराच्या पायऱ्या उतरला. खाली कागदी झिरमिळ्या, कॉफीचा वास. बाबा दाराकडे तोंड करून उभे होते, टाय नीट करत. शेजारी मार्व्हा, निळ्या झग्यात. तिचा हात त्यांच्या बाहीवर होता, तो ट्रूडीला बघून तिने हळूच मागे घेतला.

"आलीस?" बाबा म्हणाले.

ट्रूडीने पुढे होऊन मार्व्हाचा हात धरला आणि परत त्या बाहीवर ठेवला.

"बाबा, मला ही आवडत नाही म्हणून मी भांडले नव्हते," ती म्हणाली. "मला ही पहिल्या दिवसापासून आवडली. आणि ही मला आवडली तर गेलेल्या आईला काय वाटेल, याचीच मला भीती वाटत होती."