रानकोंबडीची हरकत

एका जंगलात, मुलांनो, खासगी जमीन होती. हसू नका. जंगलातही असते. ओढ्यापासून टेकडीच्या माथ्यापर्यंतचा सगळा उतार दाजीसाहेब गव्यांच्या नावावर होता. त्यांच्या आजोबांनी तो कसा मिळवला, हे विचारायची त्या जंगलात पद्धत नव्हती. तुम्हीही विचारू नका.

दाजीसाहेबांना तिथे साग लावायचा होता. सरळ रांगेत. पण मधे करवंदी होत्या, कारवी होती, कुडा होता, आणि नाव-गाव नसलेलं ढीगभर गवत होतं. हे सगळं काढायचं कसं? दाजीसाहेब विचारात पडले, तोच कोल्हा पाठीला पंप लावून हजर.

"काढायचं कशाला, दाजीसाहेब? फवारायचं! तणनाशक मारलं की पंधरवड्यात सगळं वाळून कोळसा."

"पण करवंद म्हणजे तण का रे?"

"साग सोडून जे जे, ते तण," कोल्हा म्हणाला.

दाजीसाहेबांना ही व्याख्या फार आवडली. सोप्या व्याख्या जमीनवाल्यांना लगेच पटतात.

आता त्याच उतारावर, करवंदीच्या एका जाळीत, सगुणा नावाची रानकोंबडी सहा अंड्यांवर बसली होती. मागच्या वर्षीची सगळी अंडी घोरपडीने फस्त केली होती. म्हणून या खेपेला तिने जागा पारखून, काटे बघून निवडली होती. पिल्लं निघायला आठ दिवस उरले होते, आणि फवारणीची बातमी आली.

तिचं मागणं केवढं? आठ दिवस थांबा. पिल्लं निघाली की त्यांना घेऊन मी ओढ्यापलीकडे जाते, मग काय हवं ते फवारा. तिने हा निरोप आपल्या नवऱ्याबरोबर, तुरेराव कोंबड्याबरोबर पाठवला.

दाजीसाहेब काही वाईट नव्हते हो. ते म्हणाले, "जमीन माझी असली तरी मी सगळ्यांना विचारूनच करणार. रविवारी जंगलसभा आहे. ज्याची हरकत असेल, त्याने स्वतः हजर राहून मांडावी. निरोप चालायचा नाही."

सगळं जंगल म्हणालं, काय हा मोठेपणा!

रविवारी सकाळी सगुणा नवऱ्याला म्हणाली, "अहो, मी येईपर्यंत जरा अंड्यांवर बसता का?"

"मी?" तुरेराव दचकला. "अगं, सभेत आभारप्रदर्शन माझ्याकडे आहे!"

माघातली थंडी होती. वारा नुसता झोंबत होता. सगुणाने अंड्यांवर पाला सारला, "आलेच हं," असं अंड्यांनाच सांगितलं आणि धावत सुटली.

आठची सभा साडेनऊला सुरू झाली. आधी बुलबुलांचं स्वागतगीत. मग दाजीसाहेबांच्या हस्ते अध्यक्ष आबा अस्वलांचा सत्कार. मग आबांच्या हस्ते दाजीसाहेबांचा. शाल एकच होती, ती दोघांना पुरवली.

सगुणा उभी राहिली. "आबा, माझं दोन शब्दांचं काम आहे."

"बाई, तुमचा विषय आयत्या वेळच्या विषयांत घेतलाय. शेवटी. बसा."

"मग मी जरा घरी जाऊन येते."

"जो उठून गेला त्याने हरकत मागे घेतली असं धरलं जातं," आबा म्हणाले. "नियम आहे. तुमच्याच भल्यासाठी केलाय."

सगुणा बसली.

मग कोल्हा बोलला. "हे औषध इतकं निर्धोक आहे की मी आत्ता पिऊन दाखवलं असतं. पण आज नेमका माझा उपवास." टाळ्या पडल्या.

त्याला उत्तर द्यायला साळिंदरकाका उठले. काका सगुणाच्याच बाजूचे. तीच तर पंचाईत! तापलेला पृथ्वीचा गोळा कसा निवला, इथून त्यांनी सुरुवात केली. तासाभराने ते गवतापर्यंत आले. सगुणा हात जोडून म्हणाली, "काका, आवरा हो. माझी अंडी गार पडताहेत."

"अगं, तुझ्यासाठीच बोलतोय ना मी!" काका चिडले. कुठे होतो ते विसरले, आणि पुन्हा गोळ्यापासून सुरू झाले.

मधे जेवणाची सुट्टी झाली.

उन्हं कलल्यावर सगुणाचं नाव पुकारलं. तिने आपली दोन वाक्यं सांगितली. दाजीसाहेबांचे डोळे भरून आले.

"अगोबाई, एवढंच होय? आठ कशाला, पंधरा दिवस थांबतो मी!"

ठराव एकमताने मंजूर. टाळ्यांचा कडकडाट. साळिंदरकाका म्हणाले, हा लोकशाहीचा विजय आहे. तुरेरावने सगळ्यांचे आभार मानले, सतरंज्या अंथरणाऱ्या खारींचेसुद्धा. ते ऐकायला सगुणा थांबली नाही.

घरी आली तर वाऱ्याने पाला उडालेला आणि अंडी दगडासारखी गार.

मुलांनो, इथे मला जरा थांबू द्या. मला राग येतोय, आणि कोणावर काढावा ते कळत नाही. सगळेच तिच्या बाजूचे होते ना!

ती पंख पसरून बसली. आठ दिवस बसली. आतून चोच मारल्याचा आवाज आला नाही. आणखी दोन दिवस बसली. तुरेरावने जाऊन दाजीसाहेबांना सांगितलं. त्यांना खरोखर वाईट वाटलं. त्या दिवशी ते नीट चरलेसुद्धा नाहीत.

"फार वाईट झालं," कोल्हाही म्हणाला. "म्हणजे आता हरकतीचं कारण उरलं नाही तर?"

लगेच उताराच्या पायथ्याशी तातडीची सभा भरली. ही मात्र पाच मिनिटांत आटोपली. पंधरा दिवसांची मुदत रद्द झाली. सहा अंड्यांबद्दल दुखवट्याचा ठराव झाला. सगळे उभे राहून दोन मिनिटं स्तब्ध राहिले. दीड मिनिटातच पंपाचा आवाज सुरू झाला.

फवारत फवारत कोल्हा करवंदीच्या जाळीपाशी आला. सगुणा अजून अंड्यांवरच बसलेली. त्याने नळी खाली घेतली आणि अगदी अदबीने म्हणाला, "बाई, जरा उठता का? तुमच्यावर अन्याय झालेला नाही. निकाल तुमच्याच बाजूने लागलाय, इतिवृत्तात तशी नोंद आहे."

सगुणा उठली नाही. कोल्ह्याने थोडा वेळ वाट पाहिली. मग जाळीच्या कडेने फवारायला घेतलं.

तात्पर्य : गरिबाची हरकत कधीही फेटाळू नये. ती मानाने बोलावून, सविस्तर ऐकून, एकमताने मंजूर करावी. तोवर रस्ता आपोआप मोकळा होतो.