यादीत पहिली, दाराबाहेर

आमच्या थोरल्याला पुरतं वाक्य ऐकून घ्यायची सवय नाही. आपण तोंड उघडलं की "कळलं, आई, कळलं!" म्हणून हा मोकळा. काय कळलं ते विचारावं, तर तोवर डोळे पुन्हा लॅपटॉपमध्ये. कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहितो. पगार चांगला आहे, स्वभावही वाईट नाही. पण एवढ्या शहाण्या माणसाने त्या रविवारी पोहण्याच्या तलावावर जो घोळ घातला, तो मी या डोळ्यांनी पाहिला. दुसऱ्या कुणी सांगितला असता तर मी विश्वास ठेवला नसता.

त्या दिवशी दहा वर्षांखालच्या मुलींची शर्यत होती. पहिल्या दोघींना महिनाभराच्या शिबिरात घेणार, मोठ्या तलावावर, फुकट. आमची नात, थोरल्याची लेक, त्यात उतरणार होती. तिला सगळे मासोळी म्हणतात. पोर नऊ वर्षांची, पुढच्या वर्षी वय निघून जाणार, म्हणजे ही एकच संधी. अख्खी थंडी ती सकाळी सहाला पाण्यात उतरली होती. ओठ निळे पडायचे, पण कुरकुर म्हणून नाही.

नाव नोंदवायला मी गेले होते. खिडकी नऊला उघडणार, मी पावणेसातला हजर. एक टायवाले गृहस्थ हळूच पुढे सरकत होते, त्यांना म्हटलं, "अहो, शेपूट मागे असतं." ते मागे गेले. मासोळीचं नाव यादीत पहिलं लागलं, पालक म्हणून दुसरं माझं. आमच्या घरात रांगेत मागे उभं राहायची रीत नाही.

आता यंत्राचं सांगते. आदल्या वर्षी दोन थोराड मुलगे लहान मुलांच्या नावावर पोहून बक्षिसं घेऊन गेले होते आणि मोठं भांडण झालं होतं. तेव्हा आमचा थोरला छाती काढून म्हणाला, "मी यंत्र बसवून देतो, फुकट!" दाराशी फिरता लोखंडी दांडा, त्याच्या बाजूला पडदा. पडद्यावर नाव टाइप करायचं. नाव यादीत असलं तर हिरवा दिवा आणि दांडा फिरतो. नसलं तर लाल, आणि दांडा जागच्या जागी. आता कागद कशाला, म्हणून कागदाची यादीही यानेच फाडायला लावली.

आदल्या दिवशी मी विचारलं, "नीट चालतंय ना बघितलंस?"

"यादीतली मधली दहा नावं घालून बघितली, आई. दहाच्या दहा हिरवी!"

"आणि यादीत नसलेलं एखादं—"

"कळलं, आई, कळलं!"

चाळणी घेताना पीठ खाली पडतं का तेवढं बघणारा हा माणूस. कोंडा वर राहतो का ते कोण बघणार?

रविवारी साडेनऊला आम्ही तिघं दाराशी. सूनबाईची दवाखान्यात ड्यूटी होती. शर्यत दहाला. थोरल्याने पुढे होऊन ऐटीत स्वतःचं नाव टाइप केलं. हिरवा! दांडा फिरला, साहेब आत. मग मासोळीने जीभ बाहेर काढून एकेक अक्षर दाबत आपलं नाव घातलं.

लाल.

"बोट घसरलं असेल," मी म्हटलं. तिने पुन्हा घातलं. लाल. मी चष्मा लावून स्वतः घातलं. लाल!

दाराशी बसलेला पहारेकरी म्हणाला, "आजीबाई, पोरीचं नाव यादीत नाही."

"पावणेसातला रांगेत उभं राहून मी लावलंय ते नाव! तेव्हा तुम्ही कूस बदलत असाल."

"असेल हो. पण यंत्र लाल म्हणजे मीही लाल. पंचबाईंनी बजावलंय, हिरवा दिवा नाही तर पाणी नाही."

थोरला बाहेर आला. त्याने माझं नाव घातलं. हिरवा. "बघ, यंत्र बरोबर आहे!" म्हणाला. मासोळीचं घातलं. लाल. मग तो डोकं खाजवायला लागला. आमच्या मागे रांग तुंबली. पहारेकरी म्हणाला, "तुम्ही जरा बाजूला व्हा, बाकीच्यांना जाऊ द्या." आणि बाकीचे जायला लागले. मुली गेल्या, त्यांच्या आया गेल्या. बघायला म्हणून आलेली धाकटी भावंडं गेली, हिरवा, हिरवा, हिरवा! पाने-पक्कड घेतलेला एक प्लंबर आला, त्याने आपलं नाव घातलं आणि हिरव्या दिव्याने तोही आत गेला.

"हा कुठल्या शर्यतीत आहे रे?" मी विचारलं.

"असेल कुणाचा तरी पालक," थोरला म्हणाला. पण आवाज बारीक झाला होता.

एवढ्यात आतून कर्र करून शिट्टी वाजली. प्रशिक्षक सर ओल्या फरशीवरून घसरत धावत आले. "अहो, लेन सहा आणि पोरी एकोणीस! त्यातल्या चौघींना पोहता येत नाही! आणि एक मिशीवाला माणूस विचारतोय, टोपी घालणं सक्तीचं आहे का?"

मासोळी पिशवी पोटाशी धरून उभी होती. रडत नव्हती. नुसती घड्याळाकडे बघत होती. ते मला रडण्यापेक्षा जड गेलं.

मी थोरल्याचं मनगट धरलं. "मला एक सांग. तुझं नाव तू यादीत केव्हा घातलंस?"

"माझं? माझं कशाला घालू? यंत्र माझंच—" आणि तो थांबला. जन्मात पहिल्यांदा स्वतःचं वाक्य त्याने स्वतः ऐकलं.

"मग तुला हिरवा कसा?"

तोंडचं पाणी पळालं त्याच्या. मी त्याला सारून पडद्यापुढे गेले आणि टाइप केलं, 'कोबी'. हिरवा! दांडा कोबीसाठी गरकन फिरला.

"वा!" मी म्हटलं. "भाजी आत आणि माझी नात बाहेर. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच!"

थोरला जमिनीवरच बसला, लॅपटॉप मांडीवर. दोन मिनिटांत कपाळावर हात मारून घेतला. "आई, सापडलं! यंत्राला मी विचारतो, हे नाव यादीत कितवं? यंत्र शून्यापासून मोजतं. म्हणजे पहिल्या नावाची जागा शून्य, दुसऱ्याची एक, तिसऱ्याची दोन."

"बरं. आणि नाव नसलंच तर?"

"तर उणे एक सांगतं. आणि मी लिहिलंय, शून्य आलं तर लाल, दुसरं काहीही आलं तर हिरवा. शून्य म्हणजे काही नाही असं धरून..."

मी बोटं धरून हिशेब लावला. "म्हणजे जी यादीत नाहीच, ती उणी का होईना, पण एक. तिला दार उघडं. आणि जी सगळ्यांच्या आधी आली ती शून्य, तिला दार बंद?"

"हो."

"आणि हे लिहायला तू कॉलेजात गेलास?"

पहारेकऱ्याला आता कीव आली. तो हळूच म्हणाला, "आजीबाई, दुसरं कुठलंही नाव घाला की. कोबी घाला. पोर आत जाईल."

मासोळीने मान हलवली. "मग जिंकले तर कोण जिंकेल? कोबी?"

पोर माझ्यावर गेली आहे.

"मी दुरुस्त करतो!" थोरला ओरडला. "दहा मिनिटं! यंत्र बंद करून पुन्हा चालू करावं लागेल." पंचबाई बाहेर आल्या. उंच, बारीक, हातात घड्याळ. त्यांनी सगळ्यांना बाहेर काढायला सांगितलं, पुन्हा एकेकाला तपासून आत घेऊ म्हणाल्या. "शर्यत सव्वादहाला. त्यापुढे एक मिनिटही नाही. सव्वादहाला जी पाण्याशी नाही, ती शर्यतीत नाही."

झालं! एकोणीस पोरी निथळत व्हरांड्यात आल्या. फरशीवर तळं झालं. आया टॉवेल घेऊन आपापली पोर शोधायला लागल्या, एकीने भलतीच पोर पुसून कोरडी केली. प्लंबर टोपी घालून रांगेत उभा राहिला. त्याला म्हटलं, "तुम्ही कुठे?" तर म्हणाला, "बाई, आत गळती आहे." मी म्हटलं, "आत राहू द्या, आधी बाहेर बघा."

दहा वाजून दोन मिनिटांनी यंत्र सुरू झालं. प्लंबरने नाव घातलं, लाल! लोकांनी टाळ्या वाजवल्या. बघायला आलेली भावंडं, लाल. कोबी, लाल. यादीतली एक मुलगी, हिरवा. दुसरी, हिरवा. थोरल्याची मान पुन्हा ताठ झाली. "बघितलंस, आई?"

मासोळीने नाव घातलं.

लाल.

प्लंबरने टोपी काढून हातात घेतली.

"आता काय लिहिलंस?" मी दातओठ खात विचारलं.

"शून्यापेक्षा मोठं आलं तरच हिरवा..." त्याने वाक्य संपवलं नाही. डोळे मिटून घेतले. "उणे एक बाहेर गेलं. पण शून्यही शून्यापेक्षा मोठं नसतं. पुन्हा दहा मिनिटं लागतील, आई. प्रोग्राम बदलून यंत्र पुन्हा चालू करायचं म्हणजे..."

पंचबाईंच्या घड्याळात दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. सहा मिनिटं उरलेली. मासोळीने पोहण्याचा चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा खाली घेतला.

मला प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नाही. पण दारात कोण अडतंय आणि कोण जातंय एवढं बघायला कळावं लागत नाही. मी विचारलं, "नुसत्या यादीत नाव घालायला किती वेळ?"

"अर्धं मिनिट. यादी वेगळी असते. यंत्र बंद करावं लागत नाही."

"मग पोरीच्या वर एक नाव घाल. ती दुसरी होईल. शून्य त्या वरच्याच्या माथी."

थोरला माझ्याकडे बघतच राहिला. "आई! हे तर... थांब, एक रिकामं नाव घालतो."

"रिकामं कशाला? घरात कर्तं माणूस असताना? तुझं घाल."

"माझं घातलं तर मी..."

"दहा वाजून दहा झाली!"

त्याने घातलं. मासोळीने नाव टाइप केलं. हिरवा! काय ओरडा झाला म्हणून सांगू! प्लंबरने टोपी हवेत उडवली. दांडा फिरला आणि पोर बाणासारखी आत गेली. मी थोरल्याच्या मांडीवरचा लॅपटॉप उचलून काखेत मारला. "आता याला तुझा हात लागायचा नाही," म्हटलं आणि तिच्यामागे आत शिरले. मागून थोरल्याने नाव घातलेलं ऐकू आलं, आणि पहारेकऱ्याचा आवाज: "साहेब, लाल. तुम्हीच बसवलंय, मी काय करू?"

शर्यत दोन फेऱ्यांची. शिट्टी झाली आणि मासोळी पाण्यात गडप. वर आली तेव्हा तिसरी. वळताना भिंतीला पाय मारला तो असा, की पाणी माझ्या चष्म्यावर. मी उभी राहून ओरडत होते, पंचबाईंनी दोनदा बसा म्हटलं, मी दोनदा नाही बसले. शेवटच्या चार हातांत ती दुसरी आली! शेजारच्या लेनमधल्या, एका डॉक्टरीणबाईंच्या मुलीचा हात बोटभर आधी टेकला, आणि मासोळीचा लगेच मागून. दोघी शिबिरात! पोर पाण्यातून निघाली ती थेट माझ्या गळ्यात. माझं पातळ भिजून चिंब. भिजू दे.

प्रशिक्षक सर माझ्याकडे आले. "आजी, तो लॅपटॉप द्या. शिबिराच्या दारालाही हेच यंत्र लावणार आहोत. दोन्ही नावं आत्ताच घालून टाकतो. पहिलं नाव पहिलीचं..."

डॉक्टरीणबाई टॉवेल टाकून धावत आल्या. "नको, नको! आमचं पहिलं नको! सर, आधी आजींच्या नातीचं घाला!"

"अहो, तुमची मुलगी पहिली आली," मी म्हटलं. "मान तिचा."

"मान तुम्हालाच राहू द्या, आजी! वयाने तुम्ही मोठ्या!"

"छे, छे, तुम्ही शिकलेल्या. आधी तुम्ही!"

टायवाले गृहस्थही होते तिथे, त्यांना पुढच्या गटाच्या यादीत मुलाचं नाव पहिलं लागल्याचं कळलं होतं. ते हात जोडून सरांना म्हणत होते, "मागे टाका हो, कितीही मागे टाका!" साठ वर्षं मी रांगा बघत आले. पुढची जागा एकमेकांच्या गळ्यात घालणारे लोक त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. मी सरांच्या कानात दोन शब्द सांगितले. ते हसले आणि त्यांनी तीन नावं टाइप केली.

मग मी दाराशी गेले. थोरला दांड्यावर पोट टेकून, टाचा उंचावून आत बघत होता. शर्टाला घाम, केस उभे.

"आई! कितवी आली? इथून नुसता आरडाओरडा ऐकू येत होता!"

"दुसरी. शिबिरात घेतलं तिला."

त्याचे डोळे भरून आले. लगेच म्हणाला, "अरेरे! थोडक्यात पहिला नंबर गेला, नाही?"

मी दांड्याच्या अलीकडून त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघून घेतलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "गेला ते बरं झालं, लेका. जो यादीत आलाच नाही त्याच्यासाठी तुझं दार सताड उघडं, आणि जो सगळ्यांच्या आधी येतो तो तुझ्या लेखी शून्य. म्हणून शिबिराच्या यादीतही पहिलं नाव मी तुझंच घालायला लावलंय. पोरी दोघी आत जातील. तू बापमाणूस आहेस, तू बाहेर उभा राहा!"