बिनहॉर्नचे सुखदेवजी

आमच्या बोरगाव मेघेत एक ऑटो आहे, त्याला हॉर्न नाही. बिघडलेला नाही, मालकाने स्वतः पान्याने सोडवून अंगणातल्या पेरूला टांगला आहे. पुढ्यात म्हैस आडवी आली की सुखदेवजी ब्रेक दाबतात, मान बाहेर काढतात आणि गुपित सांगावं तसं कुजबुजतात, "सरका हो माय, जाऊ द्या बापा." म्हैस जरा विचार करते, मग सरकते. माणसांना मात्र दोनदा सांगावं लागतं.

आणि या माणसाने उभी हयात भोंग्यावर काढलेली. ऑटोच्या टपावर कर्णा बांधून सर्कस, साड्यांचा सेल, निवडणूक, हरवलेली बकरी, सगळं यांनीच जिल्ह्याला ओरडून सांगितलं. घरात जेवताना मीठ मागितलं तर शेजारून यायचं.

मग आमच्या गल्लीतल्या तन्वीचं नाव शाळेत घातलं आणि ने-आण सुखदेवजींच्या ऑटोतून ठरली. तन्वी आठ वर्षांची. बोलत नाही, आणि अचानक मोठा आवाज झाला की कान दाबून किंचाळत सुटते. शाळेत अशा मुलांसाठी विशेष शिक्षिका येतात, त्यांनी आईला धीर दिला होता. पण पहिल्याच सकाळी सुखदेवजींनी दारात येऊन आपला तो सर्कशीच्या काळातला हॉर्न वाजवला, आणि पोर जी पलंगाखाली शिरली ती संध्याकाळी निघाली.

"आणखी एकदा असं झालं तं मी तिले घरीच ठेवीन, भाऊ," तिची आई म्हणाली. "नाई पाहावत मले."

शिक्षिका एवढंच म्हणाल्या, की येताजाताना अचानक आवाज नको. सुखदेवजींनी हा थेट दिल्लीहून आलेला हुकूम मानला. हॉर्न पेरूवर गेला. खडखडणाऱ्या पत्र्याखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे बसले. पोरांच्या डब्यांना मफलर मिळाले. ऑटो दिसला की रसवंतीवाल्याने घुंगरांचं चाक थांबवायचं, असा तह झाला. भंगारवाल्याचा कर्णा 'आपण एकाच धंद्यातले' म्हणून बंद करवला. कोपऱ्यावरच्या काकूंना तर सांगून आले, "शाळेच्या टायमाले कुकर नका लावत जाऊ." काकू तेव्हापासून वरण पातेल्यात शिजवतात आणि गॅस किती जातो ते मला ऐकवतात.

बाजारात जाता-येता मीही त्या ऑटोत असतो. सुखदेवजींच्या बाजूला मी, मागे आपल्या ठरलेल्या कोपऱ्यात तन्वी. वाटभर ते तिला सांगत असतात: कोणाची गाय व्याली, कोणत्या दुकानाची पाटी बदलली, सर्कशीतला हत्ती कसा त्यांचा आवाज ऐकून बसला. सगळं कुजबुजून.

"सुखदेवजी, ती कुठे उत्तर दे..."

"मधात तोडू नका जी. माणसाचं पुरं होऊ द्या." हे त्यांचं पालुपद. मग जरा थांबून म्हणाले, "ऐकून तं राह्यली ना? पोरगं पुण्याले आहे. फोन उचलते, पण मधातच तोडते. बायको होती तं भांडून का होईना, पुरं ऐकून घ्यायची."

मीही मग हत्तीची गोष्ट पुरी ऐकली. हे माझ्या बाबतीत क्वचित घडतं.

मागच्या लग्नसराईतली गोष्ट. शाळा सुटून परतत होतो, आणि वळणावर अख्खी वरात. बँड, घोडी, नाचणारी फौज. तन्वीचे हात कानांवर गेले. मागे वळायला जागा नाही. सुखदेवजी उतरून धावले आणि बँडमास्तरच्या कानाला लागले. मास्तर जुना ओळखीचा. त्याने हात वर केला. बँड थांबला.

नवरदेवाचा काका भडकला. "काऊन जी? लग्न आहे का मयत?"

"लग्नच आहे जी. पण माह्या ऑटोत सवारी आहे. तुम्ही नाचा ना, मी कुठं नाई म्हणून राह्यलो?"

काकाने ऑटोत डोकावून पाहिलं. मग मुकाट्याने खांदे उडवू लागला. वाजंत्र्यांनी वाद्यं तोंडाला लावून नुसती बोटं नाचवली, ढोलवाल्याने हवेतच टिपऱ्या मारल्या, आणि ती वरात बिनआवाजाची, पण ठेका न चुकवता, आमच्या शेजारून निघून गेली. घोडीच्या टापांचा तेवढा आवाज. तन्वीने हळूच कानांवरचे हात काढले.

वरात गेली, पण नवरदेवाचा मामा उरला. डोळे मिटून, तल्लीन होऊन, भर रस्त्यात एकटाच नाचत होता. सुखदेवजींनी मान बाहेर काढली. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून, अगदी त्यांच्याच सुरात, कुजबुज आली.

"सरका हो माय, जाऊ द्या बापा."

मामाने डोळे उघडले, ओशाळला आणि सरकला. समोर रस्ता मोकळा. ऑटो मात्र हलेना.

"सुखदेवजी," मी म्हणालो, "चला की."

त्यांनी मागे पाहिलं नाही. इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"थांबा जी," ते म्हणाले. "तिचं पुरं होऊ द्या."