दारासकट नेमप्लेट

रुपाली गावडे काळाचौकीतल्या आपल्या वर्कशॉपमध्ये शिरली, तेव्हा नवं जॅकेटवालं भांडं पॉलिश होऊन तयार होतं. जॅमच्या कारखान्यासाठी केलेलं दुहेरी भिंतीचं पोलादी भांडं. आत जॅम शिजणार, बाहेरच्या जॅकेटमधून वाफ फिरणार. दोन्ही कप्प्यांनी सोसायचा दाब वेगळा, म्हणून नेमप्लेटवर तो वेगवेगळा कोरावा लागतो. तपासणीला आलेले राजरत्न साहेब भांड्याला फेरी मारून नेमप्लेटपाशी थांबले.

"मॅडम, यातलं आतलं कोणतं आणि जॅकेट कोणतं?"

रुपालीने वाकून पाहिलं. प्लेटवर सुबक अक्षरांत कोरलं होतं, 'सुशांत – रुपाली'. खाली मोगऱ्याची दोन फुलं.

तिने आपल्या जुन्या फिटरकडे, लवूकडे, पाहिलं.

"ताई, टेबलावरच्या पाकिटात हीच होती," लवू म्हणाला. "वर निळी फिल्म होती, ती रिव्हेट मारल्यावर काढली. म्हटलं मालकिणीचं नाव आहे, कंपनीचं काहीतरी नवीन असेल."

"आणि फुलं?"

"फुलं मलापण जरा जास्त वाटली."

लालबागच्या रूपर्टकडे तिने दोन पाट्या एकदमच करायला टाकल्या होत्या. एक भांड्याची, एक प्रभादेवीच्या नव्या फ्लॅटची. पाकिटं उघडून बघायला तिला सवड झाली नव्हती. तिने नवऱ्याला फोन लावला.

"सुशांत, दारावर पाटी लावलीस?"

"सकाळीच. स्क्रू नको म्हणालीस ना, कडक ग्लू मारलाय. फिल्म तेवढी काढायची राहिलीये."

"काढ."

थोडा वेळ फोनवर नुसता प्लॅस्टिक सोलल्याचा आवाज आला.

"रुपा, यावर आपला दाब लिहिलाय. तापमानपण आहे."

"ती काढ आणि लगेच घेऊन ये. साहेब थांबलेत."

सुशांतने आधी सुरी घातली, मग हेअर ड्रायर फिरवला, शेवटी शेजारच्या सुताराकडून पटाशी आणली. पाटीचा एक कोपरा वाकला, ग्लू ढिम्म हलला नाही. आणखी जोर लावला असता तर आकडे वाचण्यासारखे राहिले नसते.

"पाटी निघत नाहीये," त्याने कळवलं. "सुतार म्हणतो, दार निघेल."

रुपालीने राजरत्न साहेबांकडे पाहिलं. ते घड्याळ बघत होते.

"दार आण," ती म्हणाली.

खाली वॉचमनने अडवलं. परवानगीशिवाय सामान बाहेर न्यायचं नाही, असा सोसायटीचा नियम. दार सामानात मोडतं की घरात, यावर सेक्रेटरीशी फोनवर चर्चा झाली आणि मग सुशांत दार घेऊन टेम्पोत चढला.

काळाचौकीत लवूने ते भांड्याला टेकवून उभं केलं. राजरत्न साहेबांनी ड्रॉइंग हातात घेऊन, जराही न हसता, दार वाचलं.

"ड्रॉइंगमध्ये आत एक बार दाब, जॅकेटमध्ये चार. इथे आत चार आणि जॅकेट एक. उलटं आहे."

रुपालीने ड्रॉइंग घेऊन आकडे पुन्हा ताडून पाहिले. हीच पाटी भांड्यावर लागून, घाईत नजरेतून सुटून कारखान्यात गेली असती, तर तिथल्या माणसांनी पाटीवर विश्वास ठेवून आत चौपट दाब भरला असता. तिने रूपर्टला फोन लावला.

"आकडे तेच आहेत ना बाई?" रूपर्ट शांतपणे म्हणाला. "एकचा आकडा वरती बारीक दिसत होता. मोठा आकडा वर घेतला, शोभा आली. पाहिजे तर उद्या सकाळी दुसरी देतो."

"उद्या साहेब कुठे असणार?"

"उद्या मी इथेच आहे, परळला," राजरत्न साहेब म्हणाले. "येईन की."

"मग आधीच का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि दार येतंय म्हटल्यावर मलापण बघायचं होतं."

इतक्यात सुशांतला आठवलं, की घर उघडं आहे आणि आत आई एकटी. त्याने घाईघाईने फोन केला. पलीकडून कपबश्यांचा आवाज येत होता, चार-पाच बायका एकदम बोलत होत्या. चाळ सोडून टॉवरमध्ये आल्यापासून शेवंतीबाईंकडे एकही शेजारीण फिरकली नव्हती. सगळ्या मजल्यावर बंद दारं. आज दारच नाही हे बघून एकीने आत डोकावलं, तिच्या मागून दुसरी आली, आणि कोणी उठायलाच तयार नव्हतं.

"आई, घाबरू नकोस. दार घेऊन आत्ता निघतो."

"घाय नाय रे," शेवंतीबाई म्हणाल्या. "दार उद्या हाडलंस तरी चलात. येताना दूध तेवढा हाड, चाय पुरणा नाय."